शिसपेन, वही आणि इंटरनेट

कैद्यांना इंटरनेट द्यावे का, हा विषय निघाला की घरातले निम्मे लोक ताडकन म्हणतात, "तुरुंगात काय चैन करायला पाठवतात?" प्रश्न नवा वाटतो खरा, पण तो चांगला शंभर वर्षे जुना आहे. दर पिढीत फक्त वस्तू बदलते.

लोकमान्यांचेच पाहा ना. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. सुरुवातीला एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवता येत. अर्ज केल्यावर ती अट सैल झाली आणि सुटकेच्या वेळी साडेतीनशे-चारशे ग्रंथ जमले होते. लिहायला शाई नाही, शिसपेन. तीही टोक करून दिलेली. सुटे कागद नाहीत, तर पाने मोजून त्यांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या. १९१०-११ च्या हिवाळ्यात या वह्यांवर 'गीतारहस्य' उतरले. १९१४ ला सुटका झाली तरी वह्या लगेच हाती आल्या नाहीत. ग्रंथ निघाला १९१५ त. सरकारला भीती कशाची, तर मोजदादीत नसलेल्या एका कोऱ्या कागदाची! तो बाहेर गेला की निरोप गेला. आजच्या तुरुंगाधिकाऱ्याला इंटरनेटची भीती वाटते, ती याच जातीची.

स्वातंत्र्यानंतर तरी हे संपले का? नाही. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या, एवढीच मागणी. सरकार म्हणाले, तशी सवलत नियमांत नाही. उच्च न्यायालयात सरकार हरले आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : नियमांत लिहिलेली असतात ती बंधने. जे बंधन लिहिलेलेच नाही, ते केवळ 'परवानगीच्या यादीत नाही' म्हणून लादता येत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, टिळक कुठे आणि खुनी-दरोडेखोर कुठे! बरोबर आहे. म्हणून एका खुन्याचेच उदाहरण घेऊ. एस्टोनियात जन्मठेप भोगणाऱ्या काल्डा नावाच्या कैद्याला कायद्याची माहिती देणारी तीन संकेतस्थळे पाहायची होती. त्यांतले एक तर तिथल्या संसदेचेच. तुरुंगाने नाही म्हटले. २०१६ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पण नीट वाचा हं : कैद्यांना सरसकट इंटरनेट द्या, असे न्यायालय म्हणाले नाही. कैद्यांसाठी जोडलेले संगणक तिथे आधीच होते. मग आणखी तीन निरुपद्रवी पाने नाकारायला पुरेसे कारण काय, एवढेच त्याने विचारले.

आपल्याकडे तर प्रश्न आणखी टोचणारा आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीतच न झालेली. खटल्याची पुढची तारीख न्यायालयाच्या संकेतस्थळावर असते. बाहेरचा कोणीही ती दोन मिनिटांत पाहतो. ज्याचा खटला, तो मात्र वकिलाच्या नाहीतर शिपायाच्या तोंडाकडे बघत बसतो. वकील परवडत नसेल तर बघायलाच नको.

दुसरी बाजूही खोटी नाही. आतून साक्षीदाराला एक धमकी गेली की फिर्यादीचे कुटुंब उघडे पडते. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याच्यासमोर कैद्याच्या हक्कांवर व्याख्यान झोडणे मला जमणार नाही. म्हणून खुला फोन आणि खुले इंटरनेट नकोच.

पण निवडक पानांचा संगणक ठेवता येतो : कायदे, स्वतःच्या खटल्याची स्थिती, परीक्षेचे अभ्यासक्रम. निरोप पाठवायची सोय बंद आणि कोणी काय पाहिले याची नोंद. म्हणजे काय, तर पाने मोजून दिलेली वहीच की ही! मंडालेत परक्या सरकारला जे जमले, ते आपल्याला का जमू नये? ज्याला शिक्षा झाली आहे तोही बहुधा एक दिवस सुटून आपल्याच गल्लीत परत येणार आहे. तो काय शिकून येतो, यात आपलाही स्वार्थ आहे.

असो. मास्तरकीची सवय, लिहिणे लांबले. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा.