शक्तिमान, एकास पस्तीस

गेल्या भागात आपण जीपबद्दल बोललो. आज ट्रक. समोर टेबलावर जो हिरवा ट्रक दिसतोय तो साधारण वीतभर लांब आहे, आणि तो करायला मला चौदा महिने लागले. खेळणं आहे का, असं नातवानं विचारलं. मी म्हटलं, हात लावून बघ, मग सांगतो.

हा शक्तिमान. टीव्हीवरचा नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा. फौजेत आम्ही त्याला नुसतं 'थ्री टन' म्हणायचो. निस्सान होती ती 'वन टन'. डोंगरात तीन टन माल घेऊन चढणारी ही गाडी. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान १९५९ साली बाहेर पडला. माझा जन्मही त्याच वर्षीचा, कोल्हापूरचा. त्यामुळे या ट्रकाबद्दल मी तटस्थपणे बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रमाणाबद्दल आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहानपणी दिवाळीत आपण सगळ्यांनी मातीचा किल्ला केला आहे. आठवा, त्या किल्ल्याचा मावळा दरवाजापेक्षा उंच असायचा, आणि वाघ बुरुजाएवढा. आपल्याला काही वाटायचं नाही. मॉडेलवाल्याला मात्र झोप लागत नाही. एकास पस्तीस म्हणजे खरी वस्तू पस्तीस पटीनं लहान. पाच फूट आठ इंचांचा जवान एकोणपन्नास मिलिमीटरचा होतो. वीस इंची रिम साडेचौदा मिलिमीटरची. आणि तुमचा हात एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या गाडीवर ती चूक साडेतीन सेंटिमीटरची असते.

हे पस्तीस कुठून आलं? एकदम गोल आकडा नाही, म्हणून मला कुतूहल होतं. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९६१ साली जर्मन पँथर रणगाड्याचं प्लॅस्टिकचं किट काढलं. ते चालणारं होतं, आत मोटर आणि बॅटऱ्या. बॅटऱ्या मावतील एवढा रणगाडा त्यांनी केला, आणि नंतर मोजलं तर तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास निघाला. पुढे सगळ्या जगानं लष्करी वाहनांसाठी तेच प्रमाण उचललं. छोट्या मोटारींचं एकास त्रेचाळीस असंच रेल्वेच्या खेळण्यांवरून आलं. आमच्या पिढीला भारतात जी 'निकी' नावाची धातूची मोटार मिळायची, ती इंग्लंडच्या डिंकी टॉइजच्या जुन्या साच्यांतून कलकत्त्यात ओतलेली असायची. नावात फक्त थोडासा बदल झाला!

जर्मन, अमेरिकन, रशियन ट्रकांची किटं पैसे टाकले की मिळतात. अमेरिकेच्या दुसऱ्या महायुद्धातल्या अडीच टनी जीएमसीचं किट तामियाचंच आहे, सुरेख आहे, मीही केलं. शक्तिमानचं किट मला कुठेही मिळालं नाही. मग तो शून्यापासून करायचा. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, मुदत संपलेली एटीएम कार्डं, जुन्या टेलिफोनची तार, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. एक चाक नीट कोरायचं, त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि बाकीची ओतायची. आमच्या एचएसआर लेआउटमधल्या एका हार्डवेअरवाल्याला मी नेहमी एम-सील घेऊन जातो म्हणून वाटतं की माझ्या घरात भयंकर गळती आहे.

ट्रकाची चौकट कशी असते ते बघायला मात्र मला लांब जावं लागलं नाही. होसूर इथून तीस किलोमीटरवर. तिथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. बॉडी न चढवलेल्या नुसत्या चासी होसूर रोडनं जाताना दिसतात. दोन लांब पोलादी तुळया, मध्ये आडवे दांडे, पुढे इंजिन, आणि उघड्यावर एका सीटवर फडकं बांधून बसलेला ड्रायव्हर. सिल्क बोर्डच्या सिग्नलला सगळं बेंगळुरू वैतागलेलं असतं, मी मात्र शेजारी चासी उभी राहिली तर स्प्रिंगांची पानं मोजत असतो.

आता इतिहासाकडे येतो. भारतात ट्रक जोडण्याचं काम मुंबईत सुरू झालं. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला जोडणी सुरू केली. सुटे भाग बोटीनं यायचे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला हजारो गाड्या लागल्या, त्या अशाच जोडलेल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना इथेच मोटार बनवायची होती, पण सरकार युद्धकाळात हलेना. गंमत अशी की मोटारीच्या आधी त्यांचा विमानाचाच कारखाना उभा राहिला, तोही इथे बेंगळुरूत, म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं, डिसेंबर १९४० मध्ये. तेच आजचं एचएएल. मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली निघाली. १९५४ साली टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात मर्सिडीज ट्रक बांधायला घेतले. त्या टेल्कोची घडी बसवणारे सुमंत मुळगावकर. टाटा सुमो या नावात त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत, हे पुष्कळांना माहीत असतं. पुण्याचा कारखाना ही त्यांची खरी खूण, आणि ती कमी लोकांना माहीत असते.

मग सरकारला वेगळा शक्तिमान कशाला हवा होता? कारण रस्त्यावरचा ट्रक आणि डोंगरातला ट्रक हे दोन वेगळे प्राणी आहेत. लष्कराला चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती आणि परकीय चलन तर हातात नव्हतं. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. त्यांनी आयुध कारखान्यांत ट्रक बांधायचा निर्णय घेतला आणि जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला. मान म्हणजे आउग्सबुर्गची तीच जुनी कंपनी, जिथे रुडोल्फ डिझेलनं आपलं पहिलं इंजिन चालवलं. १९०४ साली तोफांचे गाडे बनवण्यासाठी काढलेल्या कारखान्यात ट्रक होऊ लागले. यावर टीका झाली. सुरुवातीला बरेच भाग बाहेरूनच येत, तोफखान्याच्या कारखान्याला ट्रकाचं काय कळतं, वगैरे. टीकेत तथ्य होतं. मेनन यांचं नाव १९६२ नंतर कुणी आदरानं घेईना, तसं त्यांच्या ट्रकाचंही झालं. पण १९६९ साली खास वाहनांसाठी जबलपुरात वेगळा कारखाना उभा राहिला आणि हीच गाडी तिथे १९९६ पर्यंत बनत राहिली. जवळपास सदतीस वर्षं. माझं मत विचाराल तर ज्या ट्रकाचा सुटा भाग लडाखमधल्या वर्कशॉपला मिळतो तो चांगला ट्रक. बाकी तुलना कॅटलॉगातल्या.

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा. आमचं सेंटर आणि कॉलेज इथेच, आगरमला. (आमच्या लेआउटशेजारचं अगरा तलावाचं गाव वेगळं. रिक्षावाल्याला नीट सांगा, नाहीतर मित्राच्या पार्टीऐवजी तलावावर पोचाल.) पायदळाला लढाई असते, आम्हाला तारीख असते. श्रीनगर ते लेह रस्ता सुमारे ४३० किलोमीटर, आणि माझ्या वेळी तो मेच्या सुमाराला उघडायचा आणि नोव्हेंबरात बंद व्हायचा. त्या मधल्या काळात पुढच्या सगळ्या हिवाळ्याचं रॉकेल, पीठ, डाळ, दारूगोळा वर न्यायचा. एखादा ट्रक अडला तर मागचे शंभर अडतात, आणि बर्फ कुणासाठी थांबत नाही. पहिल्या गाडीवर निळा झेंडा, शेवटच्या गाडीवर हिरवा. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर. तिथे गाड्या आलटून पालटून एकाच दिशेनं सोडत. आजूबाजूला आपण टँक आणि मिग विमानं चौथऱ्यावर चढवलेली पाहतो. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय तर जरूर बघा, एक दिवस पुरत नाही. ट्रक चौथऱ्यावर मी अपवादानेच पाहिला. रणगाड्यात डिझेल कुणी नेलं, हा प्रश्न संग्रहालयात कुणाला पडत नाही. मॉडेल करायला घेतलं त्याला हे एक कारण.

तर ट्रक झाला. रंग लावला. हिरवा रंग डबीतला तसाच लावायचा नसतो. लहान वस्तूवर तो काळपट दिसतो, म्हणून थोडा पांढरा मिसळायचा. ताडपत्री टिश्यू पेपरची, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून. नंबर प्लेटवर आधी वर टोक असलेला बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे. बाण ब्रिटिशांच्या तोफखाना खात्याची जुनी खूण. मागच्या ॲक्सलवरचा गोळा पांढरा रंगवला, म्हणजे रात्री दिवे बंद करून जाताना मागच्या ड्रायव्हरला तो दिसतो. कागदपत्रांत जे होतं ते सगळं मी केलं. चाकामागे लावायचा लाकडी ठोकळाही केला आणि नियमाप्रमाणे अवजारांच्या पेटीत ठेवला. म्हणजे पेटी उघडी दाखवली, आत ठोकळा. माझा मलाच अभिमान वाटला.

ट्रक पूर्ण झाल्यावर मी व्हिडिओ काढून आमच्या एका जुन्या ड्रायव्हरला पाठवला. सातारा जिल्ह्यातले. अपशिंगे मिलिटरी गावाच्या पुढे त्यांचं गाव. पहिल्या महायुद्धात ज्या गावाचे शेहेचाळीस जवान पडले, ते अपशिंगे. हवालदार म्हणून निवृत्त झाले, वयानं माझ्यापेक्षा मोठे. दोन तासांनी फोन आला.

"साहेब, गाडी झकास. पर ठोकळा पेटीत कुणी ठिवला?"

मी म्हटलं, "हवालदारसाहेब, नियमात तसंच आहे."

"नियमात असंल. आपल्या गाड्यांत न्हवता."

आणि मग मला आठवलं. वळणावर एका झोकात गाडी बसत नसे. पुढे घ्यायची, थांबवायची, थोडी मागे घ्यायची, पुन्हा पुढे. त्या वेळी को-ड्रायव्हर खाली उतरून मागे पळायचा, आणि गाडी थांबली की चाकामागे ठोकळा सरकवायचा. पेटी उघडायला वेळ कुठला? म्हणून ठोकळा दोरीनं मागे टेलबोर्डच्या डाव्या कोपऱ्याला लटकवलेला असायचा. उजवी बाजू दरीकडे असली तर माणूस डावीकडूनच उतरणार. नियमांच्या पुस्तकात हे कुठेही नाही. फोटोत दिसलं तरी बघणाऱ्याला वाटेल, एक लाकूड लोंबतंय.

एका ऑक्टोबरात आमच्या कॉन्व्हॉयमधल्या एका गाडीची ती दोरी गोठून कडक झाली होती आणि गाठ सुटली नाही. गाडी मागे आली. ड्रायव्हर वाचला. को-ड्रायव्हर मराठवाड्यातला, बावीस वर्षांचा. गाडीच्या मागे होता. चौकशीच्या कागदांत मी सही केली होती, 'ब्लॉक वापरता आला नाही' असं एक वाक्य होतं. का आला नाही, हे लिहायला रकाना नव्हता. आणि पस्तीस-छत्तीस वर्षांनी मीच तो ठोकळा पेटीत ठेवून मोकळा झालो होतो.

"त्या दिवसानंतर आपण गाठ मारायची बंद केली, आठवतंय का साहेब? नुसता फास ठिवायचो. वढला की सुटायचा."

आठवत नव्हतं. त्यांनी सांगितल्यावरही नीट आठवलं नाही, खरं सांगतो. आता इतिहासवाले म्हणतील की एका माणसाच्या आठवणीवर विसंबू नका. बरोबर आहे. म्हणून मी त्याच काळातल्या आणखी तिघांना फोन केले. एकाला ठोकळा लटकवलेला आठवत होता, पण गाठीचं काही नाही. दुसरा म्हणाला, आमच्या पलटणीत उजवीकडे असायचा. तिसरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, फोन मुलानं घेतला. उजवी-डावी हे युनिटागणिक बदलत असणार, असं मी धरून चाललो. माझा ट्रक माझ्या कॉन्व्हॉयचा. तिथे डावीकडेच.

पेटी बंद केली. झाकण चिकटवताना एक बिजागरी तुटली, ती अजून वाकडी आहे, कॅमेऱ्याला जवळून दिसेल. ठोकळा बाहेर काढला, सुती दोऱ्याला मेण लावून दोरी केली, टेलबोर्डच्या डाव्या कोपऱ्याला फास टाकला. फोटो साताऱ्याला पाठवला. या वेळी फोन लगेच आला.

"दोरी लांब झाली साहेब. जमिनीला लागंल. दोन वीत पाहिजे."

दोन वीत म्हणजे अठरा इंच. भागिले पस्तीस. तेरा मिलिमीटर. कापली.