लूना, आण्णा आणि फक्कीचा आठ

आमच्या गावात लायसन म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरकडं असणारी वस्तू, अशीच समजूत होती. 1990 साली गावात सात-आठ राजदूत होत्या, दोन ट्रॅक्टर, एक जीप आणि आमची लूना. लायसन मात्र दोघांकडंच. एक एसटीत होता, दुसरा मुंबईच्या ट्रकवर. बाकी सगळे नांगर धरायला शिकतात तसे गाडी शिकले. बाप पुढं, पोरगं मागं. मग एक दिवस पोरगं पुढं आणि बाप बांधावर उभा. मी तेरा वर्षांचा असताना मळ्याच्या वाटेवर लूना शिकलो. पडलो तर ढेकळात, लागलं तर गुडघ्याला.

तसा कायदा काही नवा नव्हता. 1914 साली इंग्रजांनी मोटारगाड्यांचा पहिला मोठा कायदा केला, 1939 साली दुसरा. त्या दुसऱ्या कायद्यात सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवायला अठरा वर्षं पुरी लागत. पण आटपाडीकडच्या आमच्या कच्च्या सडकेवर तो कायदा कधी पोचल्याचं कुणाला आठवत नाही. ज्या काळात गाडीच गावात नव्हती, त्या काळात चालवायचं वय कोण विचारणार? गाडी आधी आली, कागद मागनं.

मी अकरावीला तालुक्याला गेलो. तेरा किलोमीटर. मुक्कामी एसटी सकाळी साडेसहाला निघायची आणि कॉलेज भरायचं अकराला. परतीची गाडी आली तर आली. आण्णा म्हणाले, "लूना घिऊन जा." पण आमच्या हायस्कूलचे एक गुरुजी पेपर वाचणारे होते. त्यांनी आण्णांना पारावर गाठलं. 1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला होता. गुरुजींनी सांगितलं, "आता सोळा वर्षांच्या पोराला पण लायसन मिळतंय. पण बिनगेरची गाडी पाहिजे. आणि बापाची लेखी संमती लागती."

बिनगेरची गाडी म्हणजे लूनाच की! पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं 1972 साली काढलेली ही गाडी. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यावं. दुधाच्या किटल्या, पेंडीचं पोतं, बायको, लेकरू, सगळं तिनं ओढलं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणती गाडी होती ते मला ठाऊक नाही, पण आमच्यापुरती ती लूनाच होती.

महिन्यातून एकदा तालुक्याच्या विश्रामगृहापुढं साहेबांचा कॅम्प लागायचा. चिंचेखाली टेबल, भोवती फॉर्म भरून देणारे, आणि त्या फॉर्म भरून देणाऱ्यांच्या भोवती आम्ही. आण्णांनी संमतीच्या कागदावर सही केली. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. शिकलेले चौथी, पण सही झोकात करायचे. साहेबांनी कागद पाहिला आणि सहज विचारलं, "तुम्ही काय चालवता?"

"राजदूत."

"लायसन?"

आण्णा गप्प. बारा वर्षं गाडी चालवणारा माणूस पोराला परवानगी द्यायला आला होता आणि त्याच्याकडंच परवाना नव्हता. साहेब चांगले होते म्हणायचे. म्हणाले, "मग तुमचाबी फॉर्म भरा."

असे आम्ही बापलेक एकाच दिवशी शिकाऊ लायसनच्या परीक्षेला बसलो. तोंडी परीक्षा. रस्त्याचे नियम, पाट्या, हाताचे इशारे. मी गुरुजींकडून पाठ करून गेलो होतो: गोल पाटी हुकमाची, त्रिकोणी सावधानतेची. आण्णांना साहेबांनी एक त्रिकोणी पाटी दाखवली, पुढं वळण असल्याची. आण्णा म्हणाले, "साहेब, आमच्या रस्त्याला पाटीच न्हाई. वळाण आलं की वळायचं." टेबलाभोवतीची माणसं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी आण्णांना पुढच्या महिन्यात यायला सांगितलं, आणि माझ्या कागदावर शिक्का मारला.

परत येताना आण्णा निम्म्या वाटेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग लूना थांबवली, उतरले, मागं बसले. "चालीव. कागद तुझ्याकडं हाय." खरं तर तेही बेकायदाच होतं. शिकाऊ माणसाच्या मागं शिकवणारा बसला तर त्याच्याकडं पक्कं लायसन पाहिजे. पण ते आम्हाला कुठं ठाऊक!

शिकाऊ लायसन सहा महिने चालायचं आणि पक्क्या परीक्षेला निदान तीस दिवस थांबावं लागायचं. तेवढ्या दिवसांत गाडीला लाल एल लावायचा. नियमात त्याचं मापसुद्धा दिलेलं आहे, अठरा सेंटिमीटरचा पांढरा चौकोन आणि त्यावर दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर. आईनं जुन्या धोतराचं फडकं दिलं, मी कुंकवानं एल काढला. पहिल्या पावसात तो वाहून गेला आणि लूनाचा मडगार्ड लाल झाला.

पुढच्या महिन्यात आण्णा पाट्या पाठ करून आले आणि पास झाले. मग तिसऱ्या कॅम्पला दोघांचीही पक्की परीक्षा. पटांगणात फक्की टाकून मोठा इंग्रजी आठ काढला होता. त्याच्यावरनं पाय न टेकता गाडी न्यायची. हे दिसतं सोपं. पण वेग वाढवला तर रेघ सुटते आणि कमी केला तर तोल जातो. आण्णांच्या राजदूतनं दुसऱ्या वळणावर आचका दिला, पण त्यांनी पाय टेकू दिला नाही. मला उजव्या हाताचे इशारे करायला लावले. लूनाचा कान उजव्या हातात, इशाराही उजव्याच हाताचा. हात काढला की गाडी आपोआप मंदावते. वळायच्या आधी मंद व्हायची सवय मला त्या इशाऱ्यानं लागली.

त्याच वर्षी गळिताच्या हंगामात माझ्या वर्गातला एक पोरगा गेला. त्याच्याकडं चुलत्याची एम-एटी होती, लायसन नव्हतं. अंधार पडताना उसाची ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना लाल कापड. मी त्याच्या बापाला ओळखत होतो. तो माणूस त्यानंतर कोणत्याही गाडीवर बसला नाही. बाजारालासुद्धा चालत जायचा. लायसन असतं तर पोरगं वाचलं असतं का? ट्रॉलीला दिवा नव्हता, त्याला लायसन काय करणार? पण आण्णांच्या मनात ते वेगळ्या रीतीनं बसलं. मी कधी राजदूतची चावी मागितली की म्हणायचे, "सही लूनाची केलीया, राजदूतची न्हाई." अठरा होईपर्यंत दिली नाही.

पुढं रस्ता डांबरी झाला आणि लूना गेली. स्कूटी आली ती साठ सीसीची, मग त्याहून मोठ्या. कायद्यातली सोळा वर्षांची वाट राहिली, पण पुढं ती पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीपुरती झाली आणि त्या वाटेनं जाणारी पन्नास सीसीची पेट्रोलची गाडी दुकानातनं नाहीशी झाली. मधल्या काळात किती पोरापोरींनी बिनगेरचं लायसन खिशात ठेवून शंभर सीसीच्या गाड्या पळवल्या, ते मी शिक्षक म्हणून शाळेच्या फाटकात उभं राहून पाहिलंय. आईबापांना वाटायचं कागद आहे, झालं. सीसी कोण वाचतो?

2019 साली कायदा कडक झाला. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक आणि गाडीचा मालक दोषी. पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. आण्णा तेव्हा नव्हते. त्यांना हे वाचून दाखवायला मला आवडलं असतं.

आता माझा धाकटा भाऊ फौजेत आहे आणि त्याची मुलगी आमच्याकडं राहून बारावी करते. कॉलेज तेच, तेरा किलोमीटर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण पासानं गाडी वेळेवर येत नाही. गेल्या पावसाळ्यात ती दोनदा फाट्यावर अंधारापर्यंत उभी होती. दारात माझी अ‍ॅक्टिव्हा. एके दिवशी म्हणाली, "तात्या, वर्गातल्या समद्या पोरी गाडीवर येत्यात. तुमी एकटंच असं."

काय सांगणार? अंधारात फाट्यावर उभी असलेली पोरगी की बिनलायसनची गाडीवरची पोरगी, यात निवड करताना मला रात्रभर झोप आली नाही. चावी दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून एसटी चुकली की मी फाट्यावर जातो. कधी शाळेतनं उशीर होतो, मग ती थांबते. तिचा राग गेलेला नाही, आणि मला तो खोटाही वाटत नाही.

चैत्रात तिला अठरा पुरी होतील. आता शिकाऊ लायसनसाठी चिंचेखाली जावं लागत नाही. 2021 पासून आधार जोडून घरबसल्या परीक्षा देता येते, पक्क्यासाठी मात्र गाडी घेऊन जावंच लागतं. तिनं मोबाइलवर सरावाच्या प्रश्नांत मला दोनदा हरवलं. परवा अंगणात मी रांगोळीनं आठ काढला. सकाळी कोंबड्यांनी तो विस्कटला होता. तिनं झाडू घेतला, अंगण साफ केलं आणि डबा हातात घेऊन स्वतःच नवा आठ काढला, माझ्यापेक्षा अरुंद.

"एवढ्यात वळंल का गं?" मी विचारलं.

"चैत्रात बघा," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून फाट्याकडं निघाली.