गिरणगावचा पट

गिरणगावातील शाळांचा पट शतकभर गिरण्या आणि चाळींच्या मागोमाग चढत-उतरत राहिला. परळ-लालबागची मुले आधी गिरणीच्या हजेरीवर आली, शाळेच्या नंतर. १८८१च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. ही मर्यादा १८९१ मध्ये नऊवर आणि १९२२ मध्ये बारावर गेली. मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० मध्ये झाला, पण सक्ती १९२५ मध्ये सुरू झाली ती एफ आणि जी या विभागांत, म्हणजे मुख्यतः परळ, दादर, वरळीच्या पट्ट्यात. सुरुवात कामगारवस्तीपासून केली, हे शहाणपणाचेच होते. मोठ्यांसाठी ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा चालवल्या. पाळी संपवून आलेला कामगार तिथे पाटी-पुस्तक घेऊन बसे.

गिरणगावाबाहेर, गिरगावात मात्र शिक्षणाची परंपरा जुनी आणि पांढरपेशी. आर्यन एज्युकेशन सोसायटी तिथे १८९७ची. दादरला इंडियन एज्युकेशन सोसायटीचे किंग जॉर्ज, म्हणजे आजचे राजा शिवाजी विद्यालय, आणि १९४० मध्ये दादासाहेब रेगे यांनी काढलेले बालमोहन नावारूपाला आले. शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत दादरच्या शाळा झळकत. त्या यशात शाळेचा वाटा होताच. घरी अभ्यासाला मिळणाऱ्या जागेचा आणि शिकलेल्या आईबापांचाही होता. दहा बाय बाराच्या खोलीतून पालिकेच्या शाळेत येणाऱ्या मुलाचा निकाल त्याच फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि अनेकांच्या नोकऱ्या परत आल्याच नाहीत. काही कुटुंबे गावी गेली, काही डोंबिवली, विरारकडे सरकली. गिरगावात संप नव्हता, पण वाढलेले कुटुंब एका खोलीत मावेना, म्हणून पुढची पिढी उपनगरांत गेली. पट घसरला की दोष सरसकट इंग्रजीच्या ओढीला दिला जातो. ती ओढ खरीच. पण मध्य मुंबईत मुले माध्यम बदलण्याआधी पत्ता बदलत होती.

उरलेले काम नियमांनी केले. शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मिळणाऱ्या पदांच्या मंजुरीत, पटावरून ठरतात. पट उतरला की तुकडी बंद पडते, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचे समायोजन दुसरीकडे होते. आणि शिक्षकच कमी झालेल्या शाळेत पालक मूल घालत नाहीत. संस्थांनी सेमी-इंग्रजीचे वर्ग काढून पट सावरायचा प्रयत्न केला. पालिकेच्या मराठी शाळांत २०१०-११ मध्ये सुमारे एक लाख विद्यार्थी होते, दहा वर्षांनी सुमारे तेहेतीस हजार. २०२० पासून पालिकेच्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव मिळू लागले, शिवाय इतर शिक्षण मंडळांच्या इंग्रजी शाळाही निघाल्या. त्या इंग्रजी शाळांत प्रवेशासाठी पालकांची गर्दी होते.