सेनापती आणि निर्वासितांची छावणी

सेनापती राजकारणात उतरला म्हणजे काय होते, याचे दाखले आपण बहुधा जर्मनीतून घेतो. पहिले महायुद्ध हरलेला लुडेनडॉर्फ १९२३ साली म्युनिकच्या फसलेल्या बंडात हिटलरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी संसदेत जाऊन बसला. त्याचा वरिष्ठ हिंडेनबुर्ग १९२५ साली राष्ट्राध्यक्ष झाला व १९३३ च्या जानेवारीत त्यानेच हिटलरच्या हाती सत्ता सोपविली. पराभूत सेनापतीच्या मनातील सल राष्ट्राला कोठवर नेऊ शकते, हे त्यातून दिसले. परंतु पराभूत सेनेचा एक सेनापती आपल्या कोकणातही होऊन गेला, आणि त्याची वाट अगदी निराळी होती.

जगन्नाथराव भोसले यांचा जन्म सावंतवाडी संस्थानातील. डेहराडून व सँडहर्स्ट येथे शिकून ते ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा लेफ्टनंट कर्नल भोसले युद्धकैदी झाले. पुढे ते आझाद हिंद सेनेत गेले. १९४२ च्या अखेरीस मोहनसिंग व जपानी यांच्यात बेबनाव होऊन ती सेना मोडकळीस आली, त्या पडत्या काळात तिचा गाडा भोसल्यांनी ओढला. सुभाषबाबू आल्यावर त्यांच्या हंगामी सरकारात सेनेचे प्रतिनिधी म्हणून ते मंत्री झाले. मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले.

देश स्वतंत्र झाला, पण आझाद हिंद सेनेच्या लोकांना सैन्यात परत घेतले गेले नाही. ज्यांच्या नावाने लोकांनी मिरवणुका काढल्या, त्यांना पलटणीचे दार बंदच राहिले. आमच्या मते हा अन्यायच होता. भोसल्यांनी मात्र त्याचे भांडवल केले नाही. १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते रत्नागिरीतून लोकसभेवर गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

या खात्याचे मोल उल्हासनगरकरांना निराळे सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने जी छावणी उभारली, तिच्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळजवळ एक लाख लोक येऊन पडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. लोक आजही पत्ता सांगतात तो कॅम्प एक, कॅम्प पाच असाच. पंजाब्याला निदान अर्धा पंजाब उरला होता. सिंध्याला सिंधचा एक तालुकाही उरला नव्हता. १९५४ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि ‘क्लेम’ हा शब्द घरोघर पोहोचला. मागे सोडलेल्या वाड्याची किंमत कागदावर मांडावयाची आणि बराकीतील खोलीशी तिची वजावट करावयाची, असा तो हिशेब. त्यात कोणाचेच पुरते समाधान होणे शक्य नव्हते.

भोसल्यांची नजर मुलांवर गेली. आईबाप रोजीरोटीच्या मागे, शाळा अपुरी, आणि ज्या वयात घर लागते त्या वयात तंबू. १९५४ साली दिल्लीत लाजपतनगरच्या कस्तुरबा निकेतनात, निर्वासितांच्या मुलांत, त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीते, थोर पुरुषांच्या कथा असे तिचे स्वरूप होते. कवायतीने भूक भागत नाही, आणि मुलांना रांगेत उभे करण्याची हौस जर्मनीत कोठे गेली ते आपण पाहिलेच. म्हणून शिस्तीच्या योजनांकडे आम्ही नेहमी थोडे बिचकूनच पाहतो. परंतु येथे मुलांच्या हाती बंदूक नव्हती, त्यांना कोणाचा सूड शिकविला जात नव्हता. ज्या मुलाचा दिवसच विस्कटला होता, त्याला सकाळची एक ठरलेली वेळ मिळाली. सैन्याच्या बराकींत निर्वासित राहत असताना सैन्याची कवायत त्यांच्या मुलांच्या उपयोगी पडावी, हे आम्हांस विसंगत वाटत नाही.

योजना निर्वासितांपुरती राहिली नाही. इतर शाळांतही ती पसरली आणि पुढे शिक्षण खात्याकडे गेली. भोसले १९६३ साली वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांची योजना राष्ट्रीय सुदृढता दलात विलीन झाली, आणि शाळेच्या वेळापत्रकात उरला तो केवळ पी.टी.चा तास.