दीड मिलिग्रॅम

जूनचा पहिला आठवडा. पालघरकडच्या खाडीकाठी आमचा तलाव, व्हॅनामी कोळंबीचा 85वा दिवस. काढणी दहा-बारा दिवसांवर आलेली.

दुपारी 2. वारा पडलेला, पाणी 32 अंश, गर्द हिरवं. मीटरवर लिटरमागे 7 मिलिग्रॅम ऑक्सिजन. हा हिरवेपणा दिवसा प्राणवायू देतो आणि रात्री तोच ओढून घेतो, हे पाठ असूनही मी निर्धास्त होतो.

सायंकाळी 5. आभाळ भरून आलं. बांधावर चुना मारायला हवा होता. पोती शेडमध्येच राहिली.

6.30. मुसळधार पाऊस. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर झाकणासारखं बसतं आणि तळाशी हवा पोचत नाही.

रात्री 8. "दादा, ट्रेत खाद्य तसंच पडलंय," राखणदार म्हणाला. "पाऊस ओसरला की खातील," म्हणत मी पुढचंही टाकायला लावलं. सगळ्यात मोठी चूक हीच. न खाल्लेलं खाद्य कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं.

11.40. वीज गेली, एरेटर थांबले. जनरेटर घरघरला आणि बंद पडला.

पहाटे 3.30. मीटरवर दीड. पाणी 28 अंशांवर उतरलेलं. बॅटरी मारली तर काठाकाठाने लालसर डोळ्यांची रांग. एरवी उजेड पडताच कोळंबी उसळते. त्या रात्री एकही हलली नाही. एक उचलली, तर कवच ओल्या कागदासारखं मऊ. क्षारता एकदम उतरली की पुष्कळ जणी एकदमच कात टाकतात, आणि कात टाकतानाच त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. आपल्यासारखी अँटिबॉडी कोळंबीला बनवता येत नाही. रोगाशी लढायची तिची भिस्त मुख्यतः रक्तातल्या पेशींवर, आणि जीव गुदमरला की त्याच घटतात. व्हायरस कुठूनही येवो, त्याला दार याच तासांत उघडतं, असं माझं ठाम मत आहे. रात्री दोन ते सहा ज्याला बांधावर उभं राहणं जमत नाही, त्याने तलाव घेऊ नये.

4.10. जनरेटर लागला. चाकं फिरू लागली.

5.45. दोन पाट्या मेलेली कोळंबी काढली. बाकीची तळाकडे परतली. वाचलो, असं वाटलं.

चौथा दिवस, सकाळी 7. खाद्य सुटलं. काठाला लालसर, सुस्त कोळंबी. पांढरा ठिपका रोग, 1994 पासून भारतातल्या कोळंबीशेतीच्या मागे लागलेला. 32 अंशांच्या आसपास त्याचा व्हायरस दबून राहतो, पाणी गार झालं की उसळी घेतो. आमच्या तलावात तो बहुधा आधीपासूनच होता. शेजारपाजारचे बीजाला दोष देत होते. मी बीजवाल्याशी भांडलो नाही.

सहावा दिवस. जाळं ओढलं. एकीचं डोक्यावरचं कवच सोलून उजेडात धरलं. साखरेच्या दाण्यांएवढे ठिपके. नखाने खरवडले, निघाले नाहीत.