खडपाची साक्ष

नंदगडास समुद्र नाही. परंतु नंदगडचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास समुद्र टाळताही येत नाही. या पेठेत नारळ, सुपारी, मीठ हा माल गोव्याकडून घाट चढून येई आणि येथला गहू घाट उतरून जाई. आमच्याच खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावलेली महादई गोव्यात मांडवी होऊन सागरास मिळते. जो नैर्ऋत्येचा वारा आमच्या भातशेतीस पाऊस देतो, तोच खाली किनाऱ्यावर लाटांचे डोंगर उभे करतो. म्हणून घाटमाथ्यावर बसून आम्ही मालवणच्या समुद्रातील खडपांविषयी चार शब्द लिहिले, तर वाचकांनी तो अनधिकार समजू नये.

प्रथम लाटेचा विचार करू. लाटेबरोबर पाणी फारसे पुढे सरकत नाही. पुढे जाते ते वाऱ्याने पाण्यास दिलेले बळ. शेतातील उभ्या पिकावरून वारा गेला की लहर पुढे पळते, पण ताट आपल्या जागीच असते, तसेच हे होय. लाटेच्या दोन माथ्यांमध्ये १० सेकंदांचे अंतर असेल, तर खोल समुद्रात त्यांच्यामधील लांबी सुमारे १५६ मीटर भरते आणि तिच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ७८ मीटरांवर, लाटेस तळ जाणवू लागतो. तेथून तिची गती मंदावते व पुढे उंची वाढत जाते. लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोली उरली की ती फुटते. वाळूचा तळ हळूहळू चढतो, म्हणून तेथे लाट फेसाळत, दमादमाने मोडते. खडप मात्र पाण्याखालून एकाएकी वर येते. तेथे लाट उभ्या भिंतीसारखी उठते आणि कोसळते.

हे कोसळणे सर्वकाळ सारखे नसते. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात कोणते खडप कोठे हे फेसाच्या कल्लोळात ओळखू येत नाही. थंडीच्या दिवसांत अरबस्तानाकडील वायव्येच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. दक्षिण महासागरातून निघालेल्या लांब लाटाही हजारो मैल चालून येतात. या लांब लाटा समूहाने येतात, मध्ये बराच वेळ शांतता असते. ओहोटीस खडपावर पांढरा फेस दिसतो. उधाणाच्या भरतीस तेच खडप पाण्याखाली गप्प राहते. म्हणजे समुद्र निवांत आणि भरती पुरी, हीच परक्या गलबतास सर्वांत फसवी वेळ. अशा वेळी डोळा उपयोगी पडत नाही. स्मरणच उपयोगी पडते.

आता इतिहासाकडे वळू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि १६६७ साली ते पुरे झाले. शिवछत्रपतींनी हीच जागा का निवडली? बेटाभोवती विखुरलेली खडपे हे त्याचे एक मोठे कारण होय. तट मनुष्यांनी बांधला. पण त्याच्या बाहेरचा तट सागराने आधीच घालून ठेवला होता. उत्तरेस विजयदुर्गापाशी पाण्याखाली दगडांची लांब भिंत आढळली आहे. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे परंपरा सांगते. मालवणास निसर्गाने जे दिले, त्याचीच उणीव तेथे हातांनी भरून काढली, असे म्हणता येईल.

तथापि वकिली पेशामुळे आम्हांस दुसरी बाजूही पाहण्याची सवय आहे. खडपच जर रक्षणकर्ते असते, तर १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग कसा घेतला? त्यांनी त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही दिले. किल्ला पुढे कोल्हापूरकरांकडे परत आला आणि १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले. या सर्व काळात खडपे होती तेथेच होती. ती कोणाचा पक्ष घेत नाहीत. त्यांच्यामधून वाट काढणारा तांडेल ज्याच्या बाजूस, त्याचीच ती ढाल. सिंधुदुर्गाचे खरे बळ खडपात नव्हते. खडपाच्या ज्ञानात होते, हे आमचे प्रतिपादन आहे.

तेच ज्ञान आज जगात निराळ्या मानाने मिरवते. २०२४ च्या ऑलिंपिकमधील सर्फिंगची, म्हणजे लाटेवर फळीने स्वार होण्याची, स्पर्धा ताहिती बेटावरील तेआहुपो येथे प्रवाळाच्या खडपावर झाली. हे स्वार लाटेची दिशा, दोन लाटांमधील काळ, वारा आणि भरती-ओहोटी या चार गोष्टी पाहून पाण्यात उतरतात. आमचा तांडेलही पहाटेचा मतलई वारा, तिथीवरून भरती आणि खडपावरचा फेस पाहूनच होडी लोटत आला. त्यास खेळ नव्हे, घर चालवायचे होते, एवढाच भेद.

मालवणच्या या समुद्रातील काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ व मासे यांची नोंद शास्त्रज्ञ करीत आहेत, हे योग्यच. परंतु एकेका खडपास मच्छीमारांनी दिलेली नावे, कोणत्या वाऱ्यात ते कसे फुटते याची सांगी, ही नोंद कोण करणार? उपग्रहाच्या यंत्रावर वाट दिसू लागल्यापासून मुलास ती बापाकडून शिकण्याची निकड उरलेली नाही. न्यायालयात साक्षीदार खरा असून भागत नाही. त्याची भाषा जाणणारा दुभाषीही लागतो. खडप लाटेच्या मुखाने साक्ष देते, आणि तिचा दुभाषी म्हणजे किनाऱ्यावरचा म्हातारा तांडेल.

आपण दरवर्षी नारळी पौर्णिमेस सागरास श्रीफळ अर्पण करतो. येत्या पौर्णिमेस देवळात जमलेल्या मंडळींपैकी कोणी वही घेऊन अशा एखाद्या वृद्धापाशी बसावे आणि तो ‘लाट’ म्हणो की ‘ल्हार’, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सिंधुदुर्गाचा तट सरकार डागडुजी करून राखील. हा दुसरा तट मात्र आपणांसच राखावा लागेल.