पिकासाचे दिवस

फोटो लावून ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न गुगलने माझ्यापुरता २००४ मध्ये मिटवला. त्या वर्षी त्यांनी पिकासा विकत घेतलं आणि फुकट देऊन टाकलं. पिकासाची खुबी म्हणजे ते फोटो जागचे हलवत नसे. रंग सुधारा, कडा कापा; ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत मूळ फाइल शाबूत, बदलांची नोंद त्याच फोल्डरातल्या छोट्याशा फाइलीत. मुंजीचा स्लाइड शो गाण्यासकट लावला की आजी मालिका सोडून यायची. २००९ मध्ये ते चेहरे ओळखू लागलं. आमच्या जुळ्या भाच्यांपुढे मात्र हात टेकले. मार्च २०१६ मध्ये गुगलने ते बंद करून सगळ्यांना इंटरनेटवरच्या गुगल फोटोजकडे वळवलं. म्हणून नवं काही निवडाल तेव्हा आधी इंटरनेट बंद करून बघा, फोटो उघडतात का.